गावाने काटे का टाकले आणि ताप का लपवला

ताई, आपल्या प्रश्नाचा आशय असा आहे की मार्च २०२० मध्ये ज्या गावाने, कुणी सांगितले नसताना, शिवेवर बाभळीचे काटे टाकून रस्ता बंद केला, त्याच गावाने एप्रिल २०२१ मध्ये, म्हणजे आजार खरोखर दारात आला तेव्हा, तपासणीचे पथक परत पाठवले आणि टाळेबंदीही धड पाळली नाही. हे असे उलटे का झाले आणि सरपंच म्हणून पुढच्या साथीत आपण काय करावे, असे आपण विचारता. मी या दोन्ही काळांत पश्चिम विदर्भात तालुका आरोग्य अधिकारी होतो आणि त्यापूर्वी काही वर्षे मेळघाटात काम केले होते, त्या अनुभवावरून उत्तर देतो.

माझ्या मते गाव दोन्ही वेळा एकाच हिशेबाने वागले. नियमाची किंमत कोण मोजणार, हा तो हिशेब होता. २०२० मध्ये काटे टाकण्याची किंमत बाहेरून येणाऱ्याने मोजली, म्हणून गाव कडक झाले. २०२१ मध्ये ताप आल्याचे सांगण्याची किंमत सांगणाऱ्याच्या घराने मोजायची होती, म्हणून गाव गप्प झाले. शहरांत टाळेबंदीविरुद्ध व्यापाऱ्यांनी निवेदने दिली, मोर्चे काढले, दुकाने उघडण्याचे इशारे दिले. खेड्यात असे फारसे घडले नाही, त्यामुळे वरच्या कार्यालयांत असा समज झाला की ग्रामीण भागात लोकांची नाराजी नाही. प्रत्यक्षात आपल्याकडे नाराजी लपवण्याच्या रूपाने बाहेर पडते, आणि साथीच्या काळात लपवलेला ताप हा उघड मोर्चापेक्षा जास्त महाग पडतो.

पहिल्या टाळेबंदीपासून सुरुवात करू. राज्याने १३ मार्च २०२० रोजी १८९७ चा साथरोग कायदा लागू केला, २२ मार्चला जनता कर्फ्यू झाला आणि २४ मार्चच्या रात्री जाहीर झालेली २१ दिवसांची देशव्यापी टाळेबंदी २५ मार्चपासून सुरू झाली. त्या दिवशी गुढीपाडवा होता. दिल्लीत किंवा मुंबईत या योगायोगाला सणापलीकडे काही अर्थ नसेल, पण वऱ्हाडातल्या गावात पाडव्याला सालदाराचे, म्हणजे वर्षाच्या बोलीवर राबणाऱ्या शेतगड्याचे, साल संपते आणि नवे ठरते. जुन्या मालकाकडचा हिशेब त्या दिवशी पूर्ण होतो, नव्या मालकाकडून उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, मिळते आणि त्या उचलीतून उन्हाळ्यातले लग्न किंवा घराचे छप्पर होते. त्या वर्षी कित्येक सालदारांचे जुने साल संपले आणि नवे ठरलेच नाही, कारण मालकाच्या घरात कापूस पडून होता आणि हाती पैसा नव्हता. शासनाच्या कुठल्याही आदेशात हा माणूस नव्हता. तो कामगार म्हणून नोंदलेला नव्हता, स्थलांतरित नव्हता आणि शेतकरीही नव्हता.

कापसाचे सांगायचे तर २०१९-२० मध्ये लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ५,५५० रुपये होता. सीसीआय (भारतीय कापूस महामंडळ) आणि पणन महासंघ यांची खरेदी टाळेबंदीने थांबली, ती एप्रिलच्या उत्तरार्धात हळूहळू सुरू झाली, तीही दिवसाला मोजक्या गाड्या घेऊन. खासगी व्यापारी हमीभावाहून बऱ्याच कमी भावाने मागत होते. ज्यांच्या घरात एकच खोली आणि एकच ओसरी, त्यांच्याकडे त्या खोलीत कापूस आणि ओसरीत माणसे, अशी मे महिन्यापर्यंतची अवस्था होती. कापसातल्या किडीमुळे अंगाला खाज सुटून लहान मुलांच्या अंगावर फोड आलेले मी बाह्यरुग्ण विभागात पाहत असे. अशा घराला “घरातच राहा, अंतर ठेवा” हे सांगणे किती पोकळ होते, हे वेगळे सांगायला नको. अमरावती जिल्ह्यातल्या वरुड-मोर्शीकडे मृग बहाराची, म्हणजे पावसाळ्याच्या सुरुवातीच्या फुलोऱ्याची, संत्री नेमकी त्याच आठवड्यांत तोडणीला होती. केंद्राने २७ मार्चला शेतीची कामे टाळेबंदीतून वगळली खरी, पण तो आदेश नाक्यावरच्या शिपायापर्यंत पोहोचेपर्यंत बऱ्याच बंड्या (बैलगाड्या) आणि बरेच ट्रॅक्टर परत वळवले गेले होते आणि काही जणांच्या पाठीवर काठीचे वळही उमटले होते.

इतके सोसूनही पहिल्या तीन-चार महिन्यांत गावांनी नियम पाळले, याचे कारण भीती आणि दुरून येणाऱ्या माणसाविषयीचा संशय हे होते. शिवेवर काटे पडले, आडवी बंडी लावली गेली, पुठ्ठ्यावर “बाहेरच्यांना प्रवेश बंद” असे लिहिले गेले. वर्तमानपत्रांनी त्याचे कौतुक केले. मी त्या कौतुकात पूर्ण सहभागी होऊ शकत नाही. त्या काट्यांपाशी कोण अडले, ते मी पाहिले आहे. पुण्या-मुंबईहून आलेली गावातलीच मुले अडली. दर उन्हाळ्यात उघड्या वावरात गुरे बसवणारे काठेवाडी (फिरते गुराखी) अडले, ज्यांच्या शेणखताची एरवी गाव वाट पाहत असते. एका विशिष्ट समाजाच्या फेरीवाल्याकडून भाजी घेऊ नका, असे मोबाइलवरून पसरवले गेले आणि वर्षानुवर्षे त्याच गल्लीत येणारा माणूस परत गेला. तेलंगणात मिरची तोडायला गेलेले गडचिरोली-चंद्रपूरचे मजूर चालत आपल्या गावी आले, तेव्हा काही ठिकाणी त्यांना गावाबाहेरच्या झाडाखाली दिवस काढावे लागले. याच्याच बरोबरीने हेही सांगितले पाहिजे की हैदराबादकडून पांढरकवडा, हिंगणघाट, नागपूर या महामार्गाने उत्तरेकडे चालत जाणाऱ्या हजारो अनोळखी मजुरांना रस्त्यालगतच्या गावांनी भाकरी, पिठले, पाणी आणि चपला दिल्या. पुढे जाणाऱ्याला खाऊ घालायचे आणि मुक्कामाला येणाऱ्याला अडवायचे, ही दोन्ही वागणी एकाच गावाची होती.

परतलेल्यांना १४ दिवस जिल्हा परिषदेच्या शाळेत ठेवण्याचा जो प्रकार झाला, त्यातून पुढच्या वर्षीची लपवाछपवी जन्मली असे माझे मत आहे. मे महिना, पारा ४५ अंशांच्या पुढे, शाळेला पंखे नाहीत किंवा वीजबिल थकल्यामुळे जोडणी तोडलेली, संडासला कुलूप किंवा पाणी नाही, आणि जेवणाचा डबा घरून. ज्या ग्रामपंचायतींनी टँकर, कूलर आणि दोन वेळचा चहा यांची सोय केली, तिथली मुले १४ दिवस पत्ते खेळत शांतपणे राहिली. जिथे केवळ कोंडले, तिथे रात्री भिंतीवरून उडी मारून घरी जेवून येणे सुरू झाले आणि त्या घराने शेजाऱ्यांपासून ते लपवणेही सुरू झाले. विलगीकरण म्हणजे शिक्षा, हा अर्थ तेव्हाच लोकांच्या मनात पक्का झाला.

एक गोष्ट मात्र न्यायाने नोंदवली पाहिजे. त्या काळात उपासमार टळली ती रेशनमुळे. एप्रिल २०२० पासून माणशी ५ किलो मोफत धान्य मिळू लागले, शिवभोजन थाळी ५ रुपयांवर आली, जनधन खात्यात महिलांना दरमहा ५०० रुपये तीन महिने आले. बँकेच्या दारात त्या ५०० रुपयांसाठी जी रांग लागे ती पाहून माझे काही सहकारी चिडत, पण ज्या बाईच्या हातात महिनाभर रोख रुपया आलेला नाही तिला अंतराचा नियम सांगण्याआधी बँकेने गावात येऊन पैसे वाटायला हवे होते. रोजगार हमीचा दर २३८ रुपये होता आणि जिथे ग्रामसेवकाने तत्परतेने कामे काढली तिथे नियम पाळण्याचे प्रमाण चांगले राहिले. हा संबंध मी एकाहून अधिक गावांत पाहिला आहे.

आता दुसऱ्या लाटेकडे येतो, कारण आपल्या प्रश्नाचा गाभा तिथे आहे. मधल्या काळात नियमांची पत कमी झाली होती. १६ नोव्हेंबर २०२० ला मंदिरे उघडली, १५ जानेवारी २०२१ ला राज्यातल्या चौदा हजारांहून अधिक ग्रामपंचायतींच्या निवडणुका झाल्या, प्रचार झाला, पंगती झाल्या, गुलाल उधळला गेला. महिन्याभरात अमरावती आणि अकोल्यात रुग्ण झपाट्याने वाढले आणि २२ फेब्रुवारीपासून अमरावती व अचलपूर इथे पुन्हा टाळेबंदी लागली. राज्यातल्या इतर भागांच्या आधी ती आपल्याकडे लागली. दुसऱ्याच दिवशी वाशिम जिल्ह्यात पोहरादेवीला हजारोंची गर्दी झाली आणि ती साऱ्या राज्याने दूरदर्शनवर पाहिली. निवडणुकांमुळेच आजार वाढला असे मी म्हणणार नाही. पुढे डेल्टा म्हणून ओळखल्या गेलेल्या प्रकाराची नोंद महाराष्ट्रातल्या नमुन्यांत ऑक्टोबर २०२० पासूनच सापडते, आणि तो अधिक वेगाने पसरणारा होता. माझा मुद्दा लोकांच्या मनाचा आहे. ज्या शासनाने जानेवारीत मतदानाला रांगेत उभे केले, त्यानेच फेब्रुवारीत तेरवीला २० माणसांची मर्यादा सांगितली, तर ऐकणारा माणूस आदेशामागे आजार शोधत नाही, सोय शोधतो.

त्यानंतर “ब्रेक द चेन”चे आदेश आले. १४ एप्रिलपासून निर्बंध कडक झाले आणि काही दिवसांतच किराणा दुकानांची वेळ सकाळी ७ ते ११ ठरली. हा एक नियम मी सविस्तर मांडतो, कारण आदेश आणि गाव यांची गाठ कशी चुकते हे त्यात स्वच्छ दिसते. एप्रिलमध्ये वावरातले काम उन्हामुळे पहाटे सुरू होते. पऱ्हाटी (कापसाची वाळलेली झाडे) उपटणे, काडीकचरा वेचणे, हळद काढणे ही कामे सकाळी ६ ते ११ या वेळेत होतात. मजूर बाई अकराला घरी पोहोचते तेव्हा दुकान बंद झालेले असते. मग ती मागच्या दाराने तेल-मीठ घेते, दुकानदार त्याचे दोन रुपये जास्त लावतो, आणि नियम मोडल्याची अपराधी जाणीव दोघांच्याही मनातून आठ दिवसांत निघून जाते. शहरात ७ ते ११ ही वेळ गर्दी कमी करण्यासाठी होती, गावात तिने ती वाढवली, कारण दिवसभर विखुरलेले गिऱ्हाईक चार तासांत एका ओट्यावर आले. तहसीलदारांच्या पातळीवर गावापुरती वेळ सायंकाळी ५ ते ९ करून घेण्याचा प्रयत्न आम्ही केला, पण राज्याच्या आदेशात तशी मुभा नव्हती.

आठवडी बाजाराचेही तसेच. बाहेरच्या माणसाला आठवडी बाजार म्हणजे भाजीची गर्दी वाटते. आपल्याकडे मजुरीचा चुकारा बाजाराच्या दिवशी होतो, बकरी विकून दवाखान्याचे पैसे बाजारात उभे राहतात, चप्पल, बियाणे, पोरीचे झंपर सगळे त्या दिवशीच घेतले जाते. बाजार बंद झाला तेव्हा मजुरी लांबली, मजुरी लांबली तेव्हा उधारी वाढली, आणि उधारीवर जगणारा माणूस चौदा दिवस घरात बसण्याचा विचारही करू शकत नाही. बाजार पूर्ण बंद करण्याऐवजी तो गावाबाहेरच्या मोकळ्या पटांगणात, गुरांचा एक दिवस आणि भाजीपाल्याचा दुसरा दिवस असा विभागता आला असता.

आणि आता लपवण्याविषयी. २०२१ च्या एप्रिल-मे महिन्यांत आमच्या सर्वेक्षणाच्या वहीत ताप जवळजवळ नव्हता. आशाताई दारोदार जात, ऑक्सिमीटर आणि तापमापी दाखवत, आणि घरोघरी उत्तर मिळे, “काही नाही जी, सगळे बरे हायेत.” त्याच गावातल्या किराणा दुकानात आणि तालुक्याच्या मेडिकलमध्ये पॅरासिटामॉलच्या गोळ्या संपत होत्या. वहीवर विसंबण्यापेक्षा मी तीन ठिकाणी विचारपूस करू लागलो. गोळ्यांची विक्री किती, गावातल्या खासगी डॉक्टरकडे सलाइनच्या रिकाम्या बाटल्या किती, आणि ग्रामपंचायतीच्या मृत्यू नोंदवहीत या महिन्यात नावे किती. सरपंचाला हे तिन्ही आकडे आरोग्य खात्याच्या आधी कळतात, म्हणून मुद्दाम सांगतो.

लोक का लपवत होते, याची उत्तरे अडाणीपणात शोधू नयेत. ज्या घरात रुग्ण निघे त्या घरावर फलक लागे, गल्लीला बांबू बांधले जात, आणि सुरुवातीच्या आराखड्यांत तर शेवटच्या रुग्णानंतर २८ दिवस क्षेत्र मोकळे होत नसे. पुढे ही मुदत कमी झाली, पण गावाच्या आठवणीत पहिलाच नियम राहिला. म्हणजे एकाने तपासणी केली की वीस घरांचे दूध, चारा, मजुरी अडणार, आणि ती वीस घरे या एका घराला बोल लावणार. शेजाऱ्यांच्या शिव्या खाण्यापेक्षा ताप अंगावर काढणे सोपे होते. दुसरे कारण जनावरांचे. रुग्णासह संपर्कातल्या सगळ्यांना तालुक्याच्या वसतिगृहात नेले तर गोठ्यातल्या म्हशीची धार कोण काढणार आणि उन्हाळ्यात ढोरांना पाणी कोण पाजणार, याचे उत्तर एकाही परिपत्रकात नव्हते. ज्याच्या दारात दोन बैल आणि एक गाय आहे तो माणूस रुग्णवाहिका पाहून मागच्या दाराने वावरात निघून जाई. त्याला आजाराचे गांभीर्य कळत नव्हते असे नाही, गोठा रिकामा सोडता येत नव्हता.

तिसरे कारण सर्वांत खोल होते आणि त्याच्याविषयी लोक कमी बोलले. रुग्णालयात गेलेला माणूस मेला तर देह गावी येणार नाही, त्याचे तोंड दिसणार नाही, अनोळखी माणसे तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या स्मशानात अग्नी देतील, हे सर्वांनी पाहिले होते. म्हातारी माणसे स्पष्ट सांगत की मरायचेच असेल तर घरी मरू. एकेका गावात अशा एका प्रसंगानंतर पुढचे महिनाभर कुणी १०८ ची रुग्णवाहिका बोलावली नाही. यात भर पडली ती खासगी उपचारांची. थंडी-ताप आला की टायफॉइडसाठीची विडाल ही रक्ततपासणी, तीत काहीतरी निघणार, मग “टायफॉइड” म्हणून पाच दिवस सलाइन. टायफॉइडला फलक लागत नाही, बांबू लागत नाहीत, म्हणून ते निदान सगळ्यांनाच सोयीचे होते. सहाव्या-सातव्या दिवशी धाप लागली की सेवाग्राम, सावंगी, नागपूर, अमरावती इथल्या मोठ्या रुग्णालयांपैकी कुठे खाट मिळते याची धावपळ, आणि तोवर रक्तातला ऑक्सिजन ८० च्या खाली. यातले किती जण वेळेत आले असते तर वाचले असते, हा हिशेब कुणीच मांडलेला नाही.

लसीचेही याच काळात सुरू होते. १ मार्च २०२१ पासून साठ वर्षांवरील आणि १ एप्रिलपासून ४५ वर्षांवरील सर्वांसाठी लस सुरू झाली, म्हणजे गावात मृत्यू वाढत असतानाच. लस घेतली आणि चार दिवसांनी माणूस गेला, असे उदाहरण प्रत्येक पंचक्रोशीत होते, कारण तेव्हा लस न घेतलेलेही जात होते. मेळघाटात कोरकू बोलीत समजावून सांगणे सुरू झाल्यावर आणि भुमकांना (गावातल्या पारंपरिक वैदूंना) सोबत घेतल्यावर काही गावे वळली. मराठीतली ध्वनिफीत तिथे वर्षभर वाजवली असती तरी वळली नसती.

बंदीच्या आडून आणखी एक नुकसान झाले. पानठेले बंद झाले, खर्ऱ्याचा (सुपारी-तंबाखूच्या मिश्रणाचा) भाव कित्येक पट झाला, आणि ज्या खर्ऱ्यामुळे थुंकणे वाढते म्हणून बंदी होती तोच एका पुडीतून पाच जणांत, कुणाच्या तरी बंद ओसरीत, वाटून खाल्ला जाऊ लागला. दारूचे तर भयंकर झाले. एप्रिल २०२१ च्या अखेरीस यवतमाळ जिल्ह्यातल्या वणी इथे दारू मिळेना म्हणून सॅनिटायझर प्यायलेल्या सात जणांचा मृत्यू झाला. व्यसनी माणसाला अचानक तोडले तर काय होते, हे वैद्यकशास्त्राला ठाऊक आहे. टाळेबंदीच्या नियोजनात त्याला जागा नव्हती.

आपण विचारता की लोकांना शिक्षेचा धाक हवा होता का. १८९७ चा कायदा प्लेगच्या वेळचा, अवघ्या चार-पाच कलमांचा आहे. शासनाला वाटेल ते नियम करण्याचा अधिकार, मोडणाऱ्याला तेव्हाच्या भारतीय दंडसंहितेच्या कलम १८८ खाली शिक्षा आणि अधिकाऱ्याला संरक्षण, एवढेच मूळ कायद्यात होते. घरात बसवलेल्या माणसाच्या पोटाविषयी एक अक्षर नाही. त्याच वर्षी पुण्यात सैनिकांकरवी झालेल्या घरझडत्यांनी लोक किती खवळले आणि २२ जून १८९७ रोजी प्लेग अधिकारी रँडवर गोळी झाडण्यापर्यंत गोष्ट कशी गेली, ते शाळेतही शिकवतात. याच्या उलट, आपल्याच भागात प्लेगच्या दिवसांत उंदीर पडू लागले की अख्खे गाव उठून वावरात झोपड्या करून राहायला जाई, हे जुन्या माणसांनी सांगितलेले अनेकांनी ऐकले असेल. तेही विलगीकरणच होते, तेही त्रासाचे होते, पण ढोरे, चूल आणि माणसे सोबत होती आणि कधी परतायचे ते गावच ठरवत असे. १९१८ च्या तापसरीत (इन्फ्लुएन्झाच्या साथीत) मध्य प्रांत आणि वऱ्हाडातला मृत्युदर देशातल्या सर्वांत जास्त मृत्युदरांपैकी होता, तेव्हा अशी पळवाटही राहिली नव्हती. २०२०-२१ मध्ये कलम १८८ खाली दाखल झालेले गुन्हे मागे घेण्याचा निर्णय राज्याने २०२२ मध्ये घेतला. लग्नाला २५ पेक्षा जास्त माणसे असतील तर ५०,००० रुपये दंड, हा नियम एप्रिल २०२१ मध्ये आला, तेव्हा माझ्या तालुक्यात लग्ने थांबली नाहीत. ती मंगल कार्यालयातून वावरातल्या मांडवात आणि दिवसातून रात्री गेली. धाकाचा उपयोग मोठ्या, दिसणाऱ्या गर्दीला होतो. घरातल्या तापाला त्याचा उपयोग शून्य.

तेव्हा पुढच्या वेळी काय करावे. सर्वांत आधी विलगीकरण गावातच करा आणि ते राहण्याजोगे करा. २५ मे २०२१ ला राज्याने यवतमाळ, अमरावती, अकोला, बुलढाणा, वाशीम, गडचिरोली यांसह १८ जिल्ह्यांत गृहविलगीकरण बंद करण्याचे ठरवले; एका खोलीच्या घरांचा विचार करता त्यात तथ्य होते, पण रुग्णाला २५ किलोमीटर दूर नेणे हा त्याला पर्याय होऊ शकत नव्हता. ज्या गावांनी शाळेत किंवा समाजमंदिरात पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीतून खाटा, पंखे, पाणी आणि स्वच्छ संडास यांची सोय केली, तिथे घरचा डबा येत होता, खिडकीतून नातवंडे दिसत होती, आणि लोक स्वतःहून ताप सांगू लागले. ही सोय साथ येण्याआधी करून ठेवता येते, कारण शाळेचा पंखा आणि संडास एरवीही लागतोच.

दुसरे, रुग्णाच्या गोठ्याची जबाबदारी ग्रामपंचायतीने ठरावाने घ्या. कोणत्या घरची ढोरे कोण पाहील, त्याला रोज किती द्यायचे, हे ग्रामसभेत आधीच ठरवून ठेवा. हा ठराव वाचून वरचे अधिकारी हसतील, हसू द्या. मी पाहिलेल्या एका गावात केवळ एवढ्याने तपासणीला येणाऱ्यांची संख्या दिसण्याइतकी वाढली. गल्लीला बांबू बांधण्याचा प्रसंग आला तर त्या गल्लीला रेशन आणि चारा त्याच दिवशी पोहोचला पाहिजे. बांबू सकाळी आणि धान्य आठ दिवसांनी, असे झाले की पुढची गल्ली तोंड उघडणार नाही.

तिसरे, आदेश आला की तो जसाच्या तसा भोंग्यावर वाचून दाखवू नका. त्यातले काय आपल्या गावाला लागू पडते, दुकानाची वेळ कोणती मागून घ्यायची, चुकारा कोणत्या दिवशी करायचा, यावर तलाठी, पोलीस पाटील, ग्रामसेवक आणि दोन-चार मजूर बायांना बसवून चर्चा करा आणि तहसीलदारांकडे लेखी मागणी पाठवा. सगळे मान्य होणार नाही. मात्र निर्बंध कधी संपणार ती तारीख प्रत्येक वेळी मागून घ्या, कारण न संपणारा नियम पाळण्याची सवय कुणालाच नसते आणि २०२० मध्ये १४ एप्रिल, मग ३ मे, मग १७ मे, मग ३१ मे अशी तारीख पुढे जात राहिली तेव्हा लोकांचा विश्वास प्रत्येक वेळी थोडा कमी झाला. रस्ता स्वतःच्या अधिकारात बंद करू नका. ग्रामपंचायतीला तो अधिकार नाही, आणि बाळंतिणीची गाडी अडली तर ते उत्तर आपल्यालाच द्यावे लागेल.

मृतदेहाच्या बाबतीत आपल्या हातात थोडेच आहे, पण जेवढे आहे तेवढे करा. घरच्या दोघा-तिघांना संरक्षक पोशाख देऊन दुरून दर्शन घेता यावे यासाठी तालुक्याच्या रुग्णालयाशी साथीच्या पहिल्याच आठवड्यात बोलून ठेवा. शोक करायला मिळाला की पुढचा रुग्ण रुग्णालयात यायला घाबरत नाही, हे मी अनुभवाने सांगतो.

शेवटी आशाताईंविषयी. सप्टेंबर २०२० मधल्या “माझे कुटुंब, माझी जबाबदारी” मोहिमेपासून प्रत्येक सर्वेक्षण त्यांनी केले, गावाच्या शिव्या त्यांनी खाल्ल्या, काहींना स्वतःच्या सासरी ओसरीत वेगळे राहावे लागले, आणि त्यासाठी कोविड भत्ता म्हणून महिन्याला १,००० रुपये मिळत होते. १५ जून २०२१ पासून त्यांनी राज्यभर संप केला तेव्हा अनेकांनी वेळ चुकीची असल्याचे म्हटले; मला ती मागणी रास्त वाटली. आशाताई आपल्या गावचीच सून असते, तिला कोणाच्या घरात खोकला आहे ते भिंतीआडून कळते, आणि ती ते वहीत लिहिते की नाही, हे तिला त्या घराचा रोष सोसावा लागेल तेव्हा ग्रामपंचायत तिच्या मागे उभी राहते की नाही यावर ठरते. तिचा भत्ता स्वनिधीतून वाढवता येतो का ते ग्रामसेवकाकडून तपासून घ्या, मास्क आणि हातमोजे तिला तालुक्यावरून येण्याची वाट न पाहता गावात विकत घेऊन द्या, आणि पहिल्या आठवड्यात सर्वेक्षणाला तिच्यासोबत आपण स्वतः दारोदार जा.